तालुक्याचा अधिकृत पुरुष

साडेचार वर्षं मी कातरखेड तालुक्याचा अधिकृत पुरुष होतो. थट्टा करत नाही. गोल शिक्क्याचा कागद आहे माझ्याकडे. 'श्री. रंगनाथ तुपसुंदर, क्ष-किरण सहायक, कायम, यांची प्रमाण पुरुष म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे.' मानधन शून्य. रोज सकाळी आठ वाजता बनियन-चड्डीवर यंत्रात दीड मिनिट उभं राहायचं, एवढंच काम.

आमच्या शालनने तो कागद वाचला आणि म्हणाली, "अठ्ठावीस वर्षांत घरात एक खिळा ठोकला नाही. आणि हे म्हणे प्रमाण."

यंत्र आलं २०३७ साली. नाव 'जन्मनिवाडा'. फ्रीजपेक्षा थोडं मोठं, पांढरंफेक, मोठ्या माणसाला उभं राहायला जागा आणि बाजूला बाळाला ठेवायची खोबण. रुग्णालयात आम्ही सगळे त्याला सरपंच म्हणायचो. निवाडा देणार ते, आणि त्यावर कोणी तोंड उघडायचं नाही.

ते करायचं काय, ते सरळ सांगतो. माणूस बाई की पुरुष हे कुठल्याही एका गोष्टीवर ठरत नाही. गुणसूत्रं असतात. त्यांच्यावरची काही जनुकं असतात. मग ग्रंथी, त्यातून सुटणारी संप्रेरकं, ती संप्रेरकं शरीराला ऐकू जातात की नाही, आत कोणते अवयव, बाहेर कोणते. बहुतेक माणसांत हे सगळं एकाच बाजूला पडतं. काहींत चार इकडे पडतात, तीन तिकडे. अशी माणसं आज जन्मायला लागलेली नाहीत, माणूस आहे तेव्हापासून आहेत. तो आजार नाही, घडण आहे. सरपंच बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब घ्यायचा, अकरा मिनिटं गुरगुरायचा आणि सगळ्याला गुण देऊन टक्के काढायचा. नव्वदच्या वर असलं तर 'निश्चित'. खाली असलं तर 'अनिर्णित'. आणि अनिर्णित आलं की यंत्र आपलं आपण बाळाचं नाव दुरुस्ती यादीत घालायचं, तारीख घ्यायचं, चिठ्ठी छापायचं. तारीख एकवीस दिवसांच्या आतली, कारण तेवढ्यात जन्माची नोंद व्हायला पाहिजे आणि नोंदीत रकाना आहे. रकाना मोकळा राहिला तर सरकार झोपत नाही. बाळ कापलं तर झोपतं.

नव्वदच का? पंच्याऐंशी का नाही? समितीने ठरवलं. समितीत पाच माणसं होती. पाचही निश्चित.

आता मी प्रमाण कसा झालो. वजनकाटा जसा मधूनमधून बिघडतो तसं हे यंत्रही ऊन आणि कमी-जास्त विजेने सरकायचं. म्हणून रोज सकाळी त्याला एक पुरुष आणि एक बाई दाखवून सांगावं लागायचं की, बाबा, याला शंभर म्हण, हिला शंभर म्हण. त्यासाठी कंपनीने जेलीने भरलेले दोन पुतळे पाठवले होते. पण ते आले त्याच आठवड्यात भांडारपालाची चौकशी लागली आणि भांडाराला सील पडलं. पुतळे आत, सील बाहेर. चौकशी अजून चालू आहे. मग पुस्तिकेत पर्याय सापडला : पुतळे नसल्यास कायम कर्मचारी वापरावा. आमच्याकडे कायम बाया चार, त्यातल्या सिस्टर अल्हाट प्रमाण स्त्री झाल्या. कायम पुरुष दोनच. एक मी आणि दुसरे डॉक्टर सुभेदार, आमचे अधीक्षक आणि शल्यविशारद. हात सोन्यासारखा, कान मात्र दिलेलेच नाहीत देवाने. बाकी सगळे कंत्राटी. आम्ही जिल्ह्याला विचारलं, तर लेखी उत्तर आलं : 'कंत्राटी पुरुष ग्राह्य धरता येणार नाही.'

डॉक्टरांना सकाळी आठला वेळ नसायचा. म्हणून मी.

त्या साडेचार वर्षांत त्रेसष्ट बाळं अनिर्णित निघाली. त्रेसष्ट चिठ्ठ्या मी या हातांनी फाडून बापांच्या हातात दिल्या. "काही नाही हो, छोटीशी दुरुस्ती आहे," असं म्हणत. हे वाक्य मला कोणी शिकवलं नव्हतं. मी स्वतः बनवलं होतं, आणि मला ते फार छान जमलंय असं वाटायचं.

चौसष्टावी चिठ्ठी माझ्याच घरात आली.

*

आमची एकुलती एक पोर कांचन. शिवणकाम करते, गावात तिच्या ब्लाउजला नंबर लागतो. बाळंतपणाला माहेरी आली आणि मागच्या महिन्यात मोकळी झाली. बाळ तीन किलो, रडणं खणखणीत. सरपंच म्हणाला : स्त्री सत्तावन्न टक्के. अनिर्णित. शस्त्रक्रिया गुरुवारी, सकाळी नऊ. शल्यविशारद डॉ. सुभेदार.

मी चिठ्ठी घेऊन घरी गेलो. कांचन बाळाला पाजत होती.

"पप्पा, त्रास काय आहे बाळाला?"

"त्रास काही नाही गं. सत्तावन्न टक्के आलंय."

"लघवी होते?"

"होते की. माझी पँट बघ."

"सिस्टर म्हणाल्या, काही बाळांचं रक्तातलं मीठ घसरतं आणि जिवावर येतं. ते बघितलं?"

"तीनदा बघितलं. उत्तम आहे. घसरलं असतं तर औषध द्यावंच लागलं असतं."

"म्हणजे औषधाची गरज नाही, लघवी होते, दूध पितंय. मग कापायचं काय?"

याचं उत्तर मला यायला पाहिजे होतं. त्रेसष्ट वेळा मी ते दिलं होतं. "छोटीशी दुरुस्ती आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुभेदार सरांच्या खोलीत बसलो. मी, कांचन आणि जावई महेंद्र. महेंद्र तसा भला माणूस, फक्त त्याला सारखं वाटतं की गल्लीतली सगळी माणसं त्याच्याच घराकडे बघत बसलीत.

"हे बघ कांचन," डॉक्टर म्हणाले, "आता केलं तर बाळाला आठवणारसुद्धा नाही. मोठं झाल्यावर चारचौघांत लाज वाटायला नको."

"सर, मी ब्लाउज शिवते," कांचन म्हणाली. "कापड महागाचं असतं. गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय मी कात्री लावत नाही. इथं गिऱ्हाईक अजून बोलत नाही, तर थांबायचं ना?"

"तुलना बरोबर नाही."

"नाहीच. ब्लाउज बिघडला तर मी दुसरा देते. तुम्ही दुसरं काय देणार? तिथली संवेदना गेली तर? आणि उद्या मूल म्हणालं, मी मुलगा आहे, तर?"

"तसं सहसा कोणी म्हणत नाही."

"किती जणांना विचारलंत?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. त्रेसष्टमधल्या एकालाही कोणी परत बोलावून विचारलेलं नव्हतं. मला माहीत होतं, कारण बोलावणं माझ्याच खोलीतून गेलं असतं.

"पण लोकांना सांगायचं काय?" महेंद्र म्हणाला. "बारशाला सगळे विचारणार."

"बाळ झालं म्हणून सांग," कांचन म्हणाली. "ते लंगोट सोडून बघणार आहेत का?"

आणि तेव्हा मी माझं तोंड उघडलं. "कांचन, सही कर. सरपंच उगाच सांगत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून तिने बाळ माझ्या हातात देणं बंद केलं. मी खोलीत गेलो की ती कूस बदलायची.

*

गुरुवारच्या आधीचा सोमवार. सरपंचाला नवी आज्ञावली आली. आतापर्यंत पोटातले अवयव ते बघत नव्हतं, रक्तावरून अंदाज करायचं. आता ध्वनिलहरींचं कडं बसवलं, त्यामुळे आतलंही दिसणार. शिवाय हुकूम आला की मोठ्या माणसांच्या आरोग्यपत्राचं नूतनीकरणही याच यंत्रातून करायचं.

आठ वाजता मी नेहमीसारखा बनियनवर उभा राहिलो. कडं खालीवर फिरलं. पडद्यावर आलं : 'प्रमाण पुरुष स्वीकारले. शंभर टक्के.' मी शर्ट घातला आणि मिशीवरून हात फिरवला. प्रमाणाला कोणी तपासत नाही. प्रमाणाने बाकीच्यांना तपासायचं असतं. देशभर हेच चाललंय, आमचं तर एक यंत्र होतं.

पहिलं बाळ आलं. मुलगा, ठसठशीत. सरपंच म्हणाला : पुरुष एक्काहत्तर टक्के. अनिर्णित. त्रुटी : गर्भाशय अनुपस्थित. दुरुस्ती : गर्भाशय रोपण.

प्रयोगशाळेत वाढवलेली गर्भाशयं हल्ली मिळतात, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मुलग्याला?

दुसरा मुलगा, सत्तर टक्के. गर्भाशय अनुपस्थित. तिसरा तसाच. मग आरोग्यपत्राची माणसं सुरू झाली. हवालदार गजरे, छाती चाळीस इंच : अडुसष्ट टक्के. पिठाच्या गिरणीवाले, दोन शिक्षक, एक ग्रामसेवक. सगळे अनिर्णित. बाया मात्र धडाधड निश्चित. दुपारी एकपर्यंत एकवीस पुरुषांच्या हातात चिठ्ठ्या पडल्या होत्या आणि व्हरांड्यात गोंधळ माजला होता.

डॉक्टर सुभेदार धावत आले. "पाण्यात काहीतरी आहे," ते म्हणाले. "कीटकनाशक. पुरुषांना बाधतंय." नळाचं पाणी बाटलीत भरलं. चहावाल्याचं दूध जप्त केलं. चहावाला ओरडायला लागला की माझ्या दुधाने आजवर फक्त पोट बिघडलंय.

सिस्टर अल्हाट शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही घरून फिल्टरचं पाणी आणता. चहा पीत नाही. तुम्ही उभे राहून बघा."

डॉक्टर कोट काढून यंत्रात उभे राहिले. कडं फिरलं. अकरा मिनिटं सगळे पडद्याकडे बघत होते.

पुरुष एकोणसत्तर टक्के. अनिर्णित. गर्भाशय अनुपस्थित. दुरुस्ती गुरुवारी, सकाळी साडेदहा. रुग्ण : डॉ. सुभेदार. शल्यविशारद : डॉ. सुभेदार.

चिठ्ठी मीच फाडून दिली. सवयीने तोंडातून गेलं, "काही नाही सर, छोटीशी दुरुस्ती आहे."

*

सिस्टर अल्हाटांच्या डोक्यात तेव्हाच प्रकाश पडला होता. त्यांनी मला सोनोग्राफीच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि पोटावर गार जेली फासली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"मामा, घाबरू नका."

असं म्हटल्यावर कोण घाबरत नाही?

"तुम्हाला पिशवी आहे."

"कसली?"

"बायकांना असते ती. छोटी आहे. पण आहे."

मी उठून बसलो. जेली चड्डीत गेली.

मग त्यांनी समजावलं. गर्भात पहिले सहा-सात आठवडे प्रत्येक बाळाकडे दोन्ही घरांचं सामान असतं. नळ्यांची एक जोडी पुढे गर्भाशय होऊ शकते, दुसरी पुरुषाच्या आतल्या वाहिन्या. बाळाला अंडकोष झाले की ते एक संप्रेरक सोडतात. त्याचा निरोप एवढाच : पिशवीचं सामान आवरा. कधी तो निरोप सुटत नाही. कधी सुटतो, पण शरीराला ऐकू जात नाही. मग सामान तिथंच राहतं. बाहेर मिशी, आत पिशवी. काहींना हे हर्नियाच्या ऑपरेशनला कळतं, काहींना मरेपर्यंत कळत नाही.

"पण मला मूल झालं की."

"बऱ्याच जणांना होत नाही. तुम्हाला झालं. आणि आज सकाळी सरपंचाने पहिल्यांदा तुमच्या आत बघितलं. तुम्ही प्रमाण. म्हणजे त्याच्या हिशेबी पुरुषाला पिशवी पाहिजेच. ज्याला नाही तो अपुरा."

मी विचार करत होतो, साडेचार वर्षं या तालुक्यातली सगळी पोरं मी माझ्याशी मोजत होतो. आणि माझं माप मलाच माहीत नव्हतं.

घरी गेलो. शालन भाकऱ्या करत होती. सोनोग्राफीचा फोटो तिच्यापुढे धरला आणि सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता ही रडणार किंवा माहेरी जाणार.

ती हसायलाच लागली. हसून हसून भाकरी करपली. "अगं बाई! म्हणजे माझी काढून टाकली, पण घरात एक होतीच की!"

"शालन, थट्टा नको."

"थट्टा कुठं करते. माझी नेली ती कुठं ठेवलीय विचारा. ती बसवा म्हणावं सुभेदारांना."

मग तिचं हसू हळूहळू थांबलं. तवा खाली उतरवून ती म्हणाली, "मला आडतिसाव्या वर्षी पोटात दुखत होतं म्हणून त्या खासगी दवाखान्यात नेलंत. शुद्धीवर आले तर पिशवी नाही. विचारलं तर म्हणाले, आता काय उपयोग होता तिचा. आठवतंय?"

"डॉक्टरच म्हणाले की..."

"कागदावर सही कोणाची होती?"

माझी होती. तिला भूल दिल्यावर परिचारिका बाहेर आली आणि मी उभ्या उभ्या सही केली होती. पेनसुद्धा परिचारिकेचंच होतं.

"तुमच्या पिशवीला चोपन्न वर्षं कोणी हात लावला नाही," शालन म्हणाली. "का, तर कोणाला माहीत नव्हतं. माझी माहीत होती म्हणून गेली. आणि त्या लेकराची..." तिने आतल्या खोलीकडे बघितलं. दुसरी भाकरी थापायला घेतली.

*

सिस्टरांकडून कळल्यावर मंगळवारी डॉक्टरांनी मला खोलीत घेतलं. दार लावलं. माझ्यासाठी स्वतः खुर्ची ओढली. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

"मामा, सोपं आहे. ती पिशवी काढून टाकू. आजच घेतो. पाऊण तासाचं काम."

"त्रास नाही सर मला."

"पुढे कॅन्सरचा धोका असतो."

"किती?"

"थोडा."

"मग वर्षाला एकदा सोनोग्राफी करू. सिस्टर म्हणाल्या, चालतं. दुखायला लागलं तर मीच येईन तुमच्याकडे, हात जोडून."

"अहो पण ती तुम्हाला हवीय कशाला?"

"सर, तुमचं नाक थोडं वाकडं आहे. ते तुम्हाला कशाला हवंय?"

डॉक्टरांनी नाकाला हात लावला. मग म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून प्रमाण मी."

आम्ही यंत्रापाशी गेलो. डॉक्टरांनी आपला क्रमांक घातला. पडदा लाल झाला : 'व्यक्ती अनिर्णित. प्रमाणासाठी पात्र नाही.' पुन्हा घातला, पुन्हा लाल. पुस्तिका उघडली. नियम असा : प्रमाण बदलायचं तर नवा माणूस निश्चित पाहिजे, नाहीतर कंपनीचे पुतळे पाहिजेत, आणि दोन्हीला जुन्या प्रमाणाचा अंगठा पाहिजे. मी प्रमाण असेपर्यंत तालुक्यात निश्चित पुरुष होणं शक्य नव्हतं. अंगठा माझा होता. मी तो खिशात घातला.

बुधवारी व्हरांड्यात ऐंशी माणसं होती. सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या. चिठ्ठीवर सही करायला जे हजर राहणार नाहीत त्यांचं आरोग्यपत्र बंद पडणार होतं, म्हणून सगळे आले होते, आणि प्रत्येक जण तेच ओरडत होता.

"मला काही होत नाही, मी काय म्हणून कापून घेऊ?"

"मला विचारलं का कोणी?"

"साहेब, माझी गडचिरोलीला बदली करा," हवालदार गजरे म्हणत होते, "पण हे नको."

त्यांच्यात आमचा महेंद्रही होता. सदुसष्ट टक्के. चिठ्ठी घडी करून शर्टाच्या आत ठेवलेली, कोणाला दिसू नये म्हणून.

"मामा, हे काय हो," तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला. "मी चांगला धडधाकट आहे. एक यंत्र म्हणतं म्हणून?"

"सही कर," मी म्हणालो. "सरपंच उगाच सांगत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग भिंतीला टेकून खाली बसला. त्याला कोणीतरी पाणी दिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाळाची फेरतपासणी असते. कांचन बाळाला घेऊन आली. सिस्टर अल्हाटांनी बाळ खोबणीत ठेवलं. आमच्या नातवंडाला एक ग्रंथी एका प्रकारची, दुसरी दुसऱ्या, आणि आत छोटीशी पिशवी. अकरा मिनिटांनी आकडा आला.

पुरुष चौऱ्याहत्तर टक्के.

सिस्टरांनी मोठ्याने वाचला. मी व्हरांड्याच्या दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांकडे वळलो. "सर, आमचं नातवंड तुमच्यापेक्षा पाच टक्के जास्त पुरुष आहे."

ऐंशी माणसं हसली. डॉक्टर हसले नाहीत. कांचन हसली, पण माझ्याकडे न बघता.

*

गुरुवारी सकाळी आठला मी यंत्रापाशी गेलो तर डॉक्टर आधीच बसलेले. पडद्यावर दुरुस्ती यादी उघडी. एक : बाळ कांचन, नऊ वाजता. दोन : डॉ. सुभेदार, साडेदहा. मागे कांचन बाळ घेऊन बाकावर, शेजारी महेंद्र. संमतीचा कागद त्याच्या मांडीवर, कोराच.

"मामा, अंगठा द्या. ही अडवणूक आहे."

"आहेच."

"जिल्ह्याहून फोनवर फोन येतायत. तुम्हाला निलंबित करतील."

"करू द्या. पण निलंबित झालो तरी नवा प्रमाण येईपर्यंत मीच. तुमच्याच पुस्तिकेत आहे."

डॉक्टरांनी आपली स्वतःची नोंद उघडली. मोठ्या माणसाला दुरुस्ती नाकारता येत होती, हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं, पण कारण स्वतःच्या हाताने लिहायचं, वीस शब्दांपेक्षा कमी नाही. त्यांनी लिहिलं. रागाने लिहिल्यामुळे पडदा हलत होता. मी मागून वाचलं : 'मला कोणताही त्रास नाही. माझ्या जिवाला धोका नाही. माझं शरीर जसं आहे तसं मला मान्य आहे. यंत्राचा आकडा हे माझ्या शरीराला हात लावण्याचं कारण होऊ शकत नाही. निर्णय माझा मी घेईन.'

"सर," मी म्हणालो, "याची एक प्रत काढू का? नाव तेवढं बदलतो."

ते वळले. बाकावर बाळ जांभई देत होतं. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. मी त्यांना अठरा वर्षं ओळखतो. बाळाकडे ते नेहमी कमरेखाली बघायचे, तोंडाकडे बघताना त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

"ते लिहू शकत नाही," ते म्हणाले.

"तेच तर पोरगी सांगत होती."

सिस्टर अल्हाट पुढे झाल्या आणि पडद्याच्या तळाशी एका राखाडी चौकोनावर बोट ठेवलं. 'स्थगित. जिवाला धोका नाही. रुग्ण स्वतः सांगेपर्यंत थांबावे.' यंत्र आलं त्या दिवसापासून तो पर्याय तिथे होता. साडेचार वर्षांत तो कोणी दाबला नव्हता. मी रोज तिथली धूळ पुसायचो.

डॉक्टरांनी दाबला. यादीतलं पहिलं नाव गेलं. मग त्यांनी कागद ओढला आणि आदेश लिहिला की या रुग्णालयात यापुढे ज्या बाळाच्या जिवाला धोका नाही त्याच्यासाठी हाच चौकोन दाबायचा, आणि ज्याला औषधाची गरज आहे त्याला औषध द्यायचं. सही केली. शिक्का मारला. मग मी प्रमाणपद सोडायला अंगठा दिला.

"आणि दाखल्यातला रकाना?" महेंद्रने विचारलं.

"सध्या मुलगी लिहा," कांचन म्हणाली. "मोठं होऊन वेगळं म्हणालं तर बदलू. कागद खोडता येतो."

महेंद्रने संमतीच्या कागदाची घडी घातली, अजून एक घातली आणि पंखा करून बाळाला वारा घालायला लागला.

मी प्रमाण राहिलो नाही, तर दुसरं प्रमाण पाहिजे. डॉक्टरांनी स्वतःच्या जबाबदारीवर भांडाराचं सील तोडलं. आत दोन्ही पुतळे होते. म्हणजे होते असं म्हणायचं. पत्र्याच्या खोलीत पाच उन्हाळे काढून जेली वितळली होती आणि दोघे एकमेकांत मिसळून एकच गोळा झाला होता. कोण कुठं संपतं आणि कोण कुठं सुरू होतं, कंपनीच्या माणसालाही सांगता येईना. सरपंच तेव्हापासून बंद आहे. मोठ्यांच्या चिठ्ठ्या रद्द झाल्या. सिस्टर त्याच्यावर टॉवेल वाळत घालतात.

बाहेर पडताना कांचनने बाळ माझ्याकडे दिलं. नुसतं दिलं, आणि चपला घालायला वाकली.

*

गोष्ट इथं संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. तुम्हालाही.

पण जुनी नोंदवही माझ्याच कपाटात होती. त्रेसष्ट नावं, गावं, तारखा. त्या आईबापांना आम्ही कधी सांगितलं नव्हतं की थांबता येत होतं. त्या पोरांना तर कोणी काहीच सांगणार नव्हतं. मोठी होतील, कुठेतरी दुखेल, व्रण दिसेल, आणि घरचे म्हणतील, लहानपणी हर्निया होता.

रविवारी मी वही घेतली, सोनोग्राफीचा फोटो खिशात ठेवला. शालनने डबा दिला. म्हणाली, "हात जोडू नका. हात जोडले की लोकांना माफ करावं लागतं. नुसतं सांगा."

पहिलं घर बोरवंडचं. दार उघडलं त्या बाईने मला लगेच ओळखलं. "तुम्ही चिठ्ठीवाले मामा."

"हो."

"आता काय राहिलंय कापायचं?"

"काही नाही. सांगायला आलोय."

मी सांगितलं. सगळं. लेकरू तेव्हा ठणठणीत होतं. कापायची गरज नव्हती. थांबता आलं असतं, ते त्याने मोठं होऊन ठरवायचं होतं. आता त्याला कधी दुखलं-खुपलं, किंवा त्याने विचारलं, तर कोणाकडे जायचं ते सिस्टर अल्हाटांनी कागदावर लिहून दिलंय. फोटो काढून माझंही सांगितलं. तिने फोटोकडे बघितलं नाही.

"चार वर्षांनी?" ती म्हणाली.

"हो."

मग तिने सुरुवात केली. माझ्या आईपासून, माझ्या मिशीपर्यंत. शेजारचे बाहेर आले. ऊन डोक्यावर आलं. मी हललो नाही. उभं राहायची मला सवय आहे. साडेचार वर्षं तेच काम केलं.

अजून बासष्ट घरं आहेत.